निजामाच्या राज्यात शुक्रवारचा पहिला खेळ

निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 रोजी संपलं, असं आपल्याला शाळेत शिकवतात. मराठवाड्यात त्या दिवशी झेंडावंदन होतं, भाषणं होतात, पोरांना खाऊ मिळतो. सिनेमाच्या धंद्यात मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. तिथे शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवारपर्यंत खबर येते : निजाम चांगला आहे, सीपी-बेरार बसला, म्हैसूर ठीक, ईस्ट पंजाबात पिक्चरने उचल खाल्ली. शेजारच्या टेबलावर चहा पिणाऱ्याला वाटावं, व्हाइसरॉयसाठी तारेचा मजकूर तयार होतोय.

यातलं एकही राज्य आज नकाशावर सापडत नाही. सीपी-बेरार म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. 1950 मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला, 1956 मध्ये त्यातला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये त्या मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला. म्हैसूर राज्याने 1973 मध्ये कर्नाटक हे नाव घेतलं. ईस्ट पंजाब हे फाळणीच्या वेळचं नाव. त्यातून पुढे हरियाणा वेगळा निघाला, पण वितरकाच्या वहीत तो अजून एकत्र कुटुंबातच राहतो. तेलुगू चित्रपटांच्या धंद्यात तर याहून जुना ऐवज आहे. रायलसीमेला तिथे आजही ‘सीडेड’ म्हणतात. निजामाने 1800 मध्ये फौजेच्या खर्चापोटी जे जिल्हे कंपनी सरकारला तोडून दिले, त्यांतले हे. तो तह झाला तेव्हा शनिवारवाड्यात दुसरा बाजीराव होता. त्या तहातली हद्द धरून आज हिरोच्या मारामारीचे हक्क विकले जातात.

वितरणाचा धंदा उभा राहिला तेव्हा समोर नकाशा होता तो इंग्रजांचा. ‘आलम आरा’ 1931 मध्ये बोलू लागला, तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. मुंबई इलाखा होता, मध्य प्रांत होता, निजामाचं हैदराबाद होतं आणि मधल्या फटींमधून संस्थानं सांडलेली होती. वितरकांनी तोच कागद उचलला आणि त्यावर सर्किटं आखली. मुंबई सर्किटमध्ये मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा, गुजरात आणि हुबळी-धारवाड-बेळगावचा पट्टा. निजाममध्ये तेलंगण, मराठवाडा आणि बिदर-गुलबर्गा-रायचूर. सीपी-बेरारमध्ये विदर्भ, छत्तीसगड आणि जबलपूरकडचा मध्य प्रदेश.

म्हणजे मराठी निर्मात्याची अवस्था बघा. त्याने मराठीत चित्रपट काढला. तो पुण्यात दाखवायचा तर एक वितरक, नांदेडात दाखवायचा तर दुसरा, अमरावतीत दाखवायचा तर तिसरा. संयुक्त महाराष्ट्र होऊन एवढी वर्षं झाली, पण वितरणाच्या कागदावर तो असंयुक्तच आहे. अहमदाबाद आणि कोल्हापूर एका घरात आणि कोल्हापूर-लातूर परके. द्वैभाषिकाविरुद्ध एवढा मोठा लढा झाला, हुतात्मा चौक झाला, आणि मुंबई सर्किटमध्ये द्वैभाषिक राज्य सुखाने नांदतंय.

गंमत येते ती शिवेवर. सोलापूर इंग्रजांचं, तुळजापूर निजामाचं. मध्ये अंतर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. सोलापूरच्या माणसाला देवीच्या दर्शनाला जायला परवानगी लागत नाही, पण त्याने काल सोलापुरात बघितलेल्या चित्रपटाला मात्र त्याच्यामागून तुळजापुरात जायचं तर हैदराबादच्या बाजूने यावं लागतं. बार्शीची कथा अजून न्यारी. बार्शी तालुका इंग्रजांचा, पण त्याला जवळजवळ चहूबाजूंनी निजामाची हद्द. औंध संस्थानचा कारभार औंधातून चाले, तर आटपाडी एकीकडे आणि गुणदाळ पार विजापूरकडे. अशा प्रदेशात ‘हद्द’ हा शब्द करारात घालणाऱ्या पहिल्या माणसाच्या धाडसाला माझा नमस्कार आहे.

आणि हद्द आखली तरी माल ती पाळतो थोडीच? प्रिंटांच्या काळात एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची पद्धत होती. इथला पहिला भाग संपला की त्याची रिळं सायकलवर टाकून पोरगा दुसऱ्या थिएटराकडे सुटायचा. तिथे खेळ अर्ध्या तासाने सुरू. मध्ये पंक्चर झालं की तिथल्या पब्लिकला मध्यंतर दोनदा मिळायचं. ही दोन थिएटरं एकाच गावात असतील तर ठीक, पण ती शिवेच्या अल्याड-पल्याड असली तर त्या सायकलवाल्या पोराने दर तीन तासांनी ब्रिटिश हिंदुस्थानातून निजामाच्या राज्यात जायचं आणि परत यायचं, आणि हिशेब मात्र दोन वेगळ्या गावच्या दोन शेटना द्यायचा. तंबूवाल्यांचं त्याहून अवघड. सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या यात्रेत लावलेला तंबू उठून नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लागला, तर पेटीतला तोच चित्रपट वाटेत कुठल्या मैलाच्या दगडापाशी बेकायदा झाला?

या सगळ्यात वऱ्हाडाचं नाव घेताना मात्र मी जरा आदराने घेतो. सामायिक प्रदेश कसा असावा, याचा एवढा नमुनेदार करार दुसरा नसेल. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. मग 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने हा व्यवहार नीट मांडला : वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यावर, भाडं वर्षाला 25 लाख रुपये. भाडेकरूने पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडून टाकलं. घरमालक तक्रार करत राहिला. शेवटी 1936 मध्ये तोडगा निघाला की जमीन परत मिळणार नाही, पण निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचं. प्रदेश एकाला, पदवी दुसऱ्याला. अकोल्याच्या कापसाला यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. आणि एवढं सगळं करून आज सिनेमात वऱ्हाड ‘निजाम’मध्ये येत नाही ते नाहीच. म्हणजे तो 1902 चा भाडेपट्टा वितरकांनी मान्य केलेला आहे. हैदराबादच्या कुणाला अजून हरकत घ्यायची असेल तर भुसावळला जावं. सीपी-बेरार सर्किटच्या मंडळींचं ते जुनं ठाणं आहे, आणि जंक्शन असल्यामुळे भांडून परत जायला गाडीही चटकन मिळते.

हद्दीची व्याख्या ढिली राहिली की काय होतं, हे मुंबईला विचारा. मुंबई हुंड्यात दिली एवढं सगळ्यांना माहीत असतं. हुंड्यात नक्की काय दिलं हे देणाऱ्याघेणाऱ्यालाही माहीत नव्हतं. 23 जून 1661 च्या तहात पोर्तुगालच्या राजाने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आपल्या बहिणीबरोबर मुंबईचं बंदर आणि बेट दिलं. लंडनमध्ये मुंबई कुठे आहे याबद्दलच गोंधळ होता. ती ब्राझीलच्या जवळपास असावी अशी एका बड्या मंत्र्याची समजूत होती म्हणतात. पुढच्या वर्षी इंग्रजांचं आरमार ताबा घ्यायला आलं आणि म्हणालं, साष्टी आणि ठाणंही यातच धरा. पोर्तुगीज म्हणाले, कागद दाखवा. कागदावर ‘बेट’ एवढंच. कुठलं बेट? इथे तर सात, त्यातली काही भरतीला वेगळी आणि ओहोटीला जोडलेली. माहीम मुंबईत धरायचं की नाही, हे पाणी किती वाजता मोजता यावर अवलंबून.

भांडण मिटेना. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आपली माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरला आणि वाट बघत तिथेच 1664 मध्ये वारला. त्याची बहुतेक माणसंही तापाने गेली. एका व्याख्येपायी एवढी माणसं दगावल्याचं दुसरं उदाहरण वकिलीच्या इतिहासात नसावं. अखेर 1665 मध्ये त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याने मिळेल तेवढी मुंबई पदरात घेतली आणि मागाहून हळूच माहीमही खिशात टाकलं. आणि इतकं रामायण झाल्यावर चार्ल्सने 1668 मध्ये सगळा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकला. आजच्या मुंबईत दहा पौंडांत गाडी लावायला मिळाली तरी खूप. साष्टीचं म्हणाल तर तो प्रश्न चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये सोडवला. त्यांच्याकडे तहाची प्रत नव्हती, त्यामुळे व्याख्येची अडचण आली नाही.

आता वाचक म्हणेल, हे राजेमहाराजांचं झालं. आजकाल करार कॉम्प्युटरवर होतात. होतात की. माझ्या ओळखीतल्या एका मसाल्यांच्या कंपनीने एरिया ठरवताना ‘कोकण विभाग’ असं लिहिलं. डोळ्यांसमोर त्यांच्या आंबा-फणस होता. सरकारी कोकण विभागात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीबरोबर मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे येतात. म्हणजे मंत्रालयाच्या कॅन्टीनला मालवणी मसाला पुरवायचा हक्क कणकवलीच्या डिस्ट्रिब्युटरला आपोआप मिळाला. त्याने तो बजावला नाही, कारण त्याच्याकडे एकच टेम्पो होता.

पुण्याचं तर विचारू नका. ‘पुणे महानगरपालिका हद्द’ असं लिहिलं की कॅम्प बाहेर पडतो, कारण तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड. एम.जी. रोडवर उभं राहून तुम्ही पुण्यात नाही, हे कुठल्याही पुणेकराला पटवून दाखवा. बरं, हद्द तरी एका जागी थांबेल? 2017 मध्ये पालिकेत अकरा गावं आली, 2021 मध्ये आणखी तेवीस आली. त्या अकरातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन मग 2024 मध्ये बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. फुरसुंगीच्या किराणा दुकानदाराने या काळात फक्त दुकान उघडलं आणि बंद केलं, तरी तो तीन वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युटरांच्या प्रदेशातून फिरून आला. जिल्हा धरावा, तर ठाण्यातून 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर निघाला. त्याआधी ‘ठाणे जिल्हा’ लिहून दिलेल्या एजन्सीवाल्याला डहाणूचे चिकू अजून आपलेच वाटतात.

मग कुणीतरी हुशार माणूस म्हणतो, पिनकोड धरा. पिनकोड शास्त्रशुद्ध असतो. यात आपल्याला अभिमान वाटण्यासारखंही आहे : 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात सुरू झालेली ही पद्धत बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आणि ते मूळचे संस्कृतचे पंडित आणि कवी. पाणिनीच्या परंपरेतल्या माणसाने केलेलं काम सूत्रबद्धच असणार. पण ती सूत्रं पत्र लवकर पोचावं म्हणून केलेली होती, बिस्किटं कुणी विकावीत म्हणून नाही. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या कितीतरी गावांचे पिन 412 ने सुरू होतात म्हणून एका साबणवाल्याने ‘पुणे ग्रामीण : 412’ असं लिहून टाकलं. शिरवळ 412, वाई 412, पाचगणी 412, आणि महाबळेश्वर 412806. ही सगळी गावं सातारा जिल्ह्यात. साताऱ्याच्या डिस्ट्रिब्युटरला सकाळी समजलं की आपण उन्हाळ्याचा अख्खा सीझन गमावलेला आहे. शिरवळ म्हणजे तर नीरा ओलांडली की लगेच. तिथला दुकानदार माल पुण्याच्या रविवार पेठेतून स्वतःच्या गाडीत घालून आणतो आणि दोघांच्याही एरियाला कात्री लावतो. कंपनीचा माणूस येऊन खोक्यावरचे बॅच नंबर तपासतो, मान हलवतो, चहा पितो आणि जातो.

नीरा नदीवरून आठवलं. तीच नदी खाली इंदापूर आणि माळशिरस या तालुक्यांची शीव होते. माझा एक मावसभाऊ तिकडे अकलूजला ट्रॅक्टरच्या एजन्सीत आहे. माळशिरस तालुका यांचा, इंदापूर पलीकडच्या डीलरचा. नदीकाठच्या गावांवरून रोज कटकट, म्हणून कंपनीच्या वकिलाने एक कलम घातलं : नदीच्या दोन्ही काठांवरची गावं हा ‘सामायिक प्रदेश’, तिथे दोघांनीही विकावं आणि कमिशन अर्धं-अर्धं घ्यावं. वकिलाने नदी बहुधा नकाशातच पाहिली असावी. काठावरचं गाव म्हणजे पाण्यापासून किती लांबचं? गावठाण धरायचं की शिवार? कारण उसाचं शिवार काठापर्यंत जातं आणि गाव टेकाडावर लांब बसलेलं असतं.

पहिलंच गिऱ्हाईक असं आलं की ज्याचं घर अलीकडे, सासऱ्याकडून मिळालेली जमीन पलीकडे, कर्ज बारामतीच्या बँकेचं. गाडी अकलूजला पासिंग केली तर एमएच-45, बारामतीला केली तर एमएच-42. दोन्ही डीलर हजर, कंपनीचे साहेब हजर, आणि मध्ये नवा कोरा ट्रॅक्टर, हार घातलेला.

साहेबांनी विचारलं, “तुमचं गाव कुठलं, काका?”

“कशासाठी इचारताय त्यावर हाय,” काका म्हणाले. “मतदानाला अलीकडचं, सोसायटीला पलीकडचं.”

“राहता कुठे?”

“उन्हाळ्यात घरी. पावसाळ्यात वस्तीवर.”

साहेब एमबीए झालेले होते. त्यांनी पेन टेकवून विचार केला आणि निकाल दिला : ट्रॅक्टर रात्री जिथे मुक्कामाला असतो, तो त्याचा प्रदेश. दोन्ही डीलरांनी मान डोलावली. एवढा सरळ न्याय कुणाला सुचला नव्हता. काकांनी टोपी मागे सारली.

“साहेब, कारखाना चालू झाल्यावर ट्रॅक्टर रात्री मुक्कामाला असतोय व्हय कुठं?”

अखेर अर्धं-अर्धं ठरलं, पेढे वाटले, काका ट्रॅक्टर घेऊन गेले. पन्नास तास चालल्यावर त्यांनी फोन केला की पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला मेकॅनिक पाठवा. तेव्हा अकलूजवाल्यांनी सांगितलं की काका, जमीन पलीकडे आहे म्हणजे गाडी पलीकडच्यांची. आणि पलीकडच्यांनी सांगितलं की घर तिकडे आहे, तिकडचेच येतील. जो प्रदेश विकायच्या दिवशी दोघांचा होता, तो ऑइल बदलायच्या दिवशी कुणाचाच राहिला नाही. करार लिहिणाऱ्यांनी सामायिक प्रदेशाची अशी भरती-ओहोटी लक्षात घेतलेली नसते. कमिशनच्या दिवशी नदी आटते, वॉरंटीच्या दिवशी तिला पूर येतो.

हे सगळं पाहिल्यावर मला वाटतं, सिनेमावाले आपल्या सगळ्यांहून शहाणे. ते निजामाला धरून बसलेत ते अडाणीपणाने नाही. जिवंत सरकार हद्द कधीही हलवतं : निवडणूक आली की जिल्हा निघतो, आंदोलन झालं की गाव बाहेर पडतं, नावं बदलतात, उस्मानाबादचं धाराशिव होतं आणि छापलेली बिलबुकं वाया जातात. मेलेला राजा काही हलवत नाही. निजामाच्या हद्दीत 1948 नंतर एक गाव वाढलेलं नाही की एक कमी झालेलं नाही. इतकी भरवशाची सीमा देशात दुसरी कुठे मिळेल? आणि त्या हद्दीवरून जेवढं भांडायचं तेवढं माणसांनी आपापल्या आजोबांच्या काळातच भांडून घेतलेलं असल्यामुळे, आजच्या वितरकाला तयार निकाल मिळतो. उद्या कुणी उत्साहाने ‘महाराष्ट्र सर्किट’ नावाची स्वच्छ, भाषावार, सोप्या व्याख्येची नवी टेरिटरी काढली, तर पहिल्याच शुक्रवारी बेळगावचं थिएटर कुणाचं हा प्रश्न येईल, आणि तो सुप्रीम कोर्टात आधीच पडून आहे.

परदेशातले लोक याबाबतीत फार पुढे गेले असं समजू नका. त्यांनी एकदा डीव्हीडीसाठी सगळ्या पृथ्वीचे भाग पाडले होते, म्हणजे एका भागातली तबकडी दुसऱ्या भागात चालू नये. आपण पाच नंबरच्या भागात होतो. सोबतीला रशिया, बराचसा आफ्रिका खंड आणि उत्तर कोरिया. आठवा नंबर विमानं आणि जहाजं यांच्यासाठी राखून ठेवलेला. जमिनीवर भागलं नाही म्हणून हवेतही सर्किट. पुस्तकांवर अजून छापतात, ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’, आणि पुण्याहून अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बॅगेत, मेतकुटाच्या डब्याच्या खाली, ती पुस्तकं उपखंड सोडून जातात. थायलंडच्या एका विद्यार्थ्याने तर तिकडून स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकायला काढल्या. प्रकाशकांनी त्याच्यावर केलेला दावा तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2013 मध्ये ते हरले. सहा विरुद्ध तीन. उरलेल्या तीन न्यायमूर्तींना एखाद्या शिरवळच्या दुकानदाराला भेटवायला हवं होतं.

आपल्या कायद्याने त्या मानाने समजूतदारपणा दाखवलाय. कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात म्हटलंय की हक्क देताना प्रदेश लिहायचा राहून गेला, तर तो भारतापुरता समजावा. मुदत लिहायची राहिली, तर पाच वर्षं. सरकारला लेखकांचा स्वभाव माहीत आहे. ते मानधनाचा आकडा तेवढा वाचतात.

अलीकडे मात्र कुणी काही लिहायचं राहू देत नाही. अमेरिकेतल्या करमणुकीच्या धंद्यातून एक कलम आपल्याकडेही आलंय : सदर हक्क संपूर्ण विश्वात लागू राहतील, ज्ञात असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत. जग लिहिलं होतं तेव्हा कुणाला तरी शंका आली असणार की उपग्रहाचं काय, चंद्राचं काय. मग एकदाचं विश्वच लिहून मोकळे झाले. सामायिक प्रदेशाची भानगड यात कायमची मिटते, कारण पलीकडे डीलरच उरत नाही.

परवा माझ्या एका जुन्या विनोदी कथेसाठी असाच करार आला. कथा ऐकवणारी कुणी मंडळी होती, मानधन बेताचं, प्रदेश संपूर्ण विश्व. ती कथा माझ्या सासऱ्यांवर आहे. सासुरवाडी साताऱ्याची, तिथे सगळ्यांच्या हातात मोबाइल आणि कानात हेडफोन. मी करारावर समासात नीट अक्षरात लिहिलं, ‘सातारा जिल्हा वगळून’, खाली सही केली आणि पाठवून दिलं. मला वाटलं, हसतील आणि खोडतील.

दोन दिवसांनी त्यांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी कामाचा.

“सर, तुमचा बदल मान्य आहे. उरलेलं विश्व आमच्याकडे राहील. फक्त सिस्टिममध्ये पिनकोडने भरावं लागतं, तेवढं एक विचारायचं होतं. शिरवळ तुम्ही कशात धरलंय?”